बांधावरचा भात

टोपलीतली चिंबोरी उचलायची, नांगीची सुतळी दातांनी सोडायची आणि तिच्यापुढे काहीतरी धरायचं. चिंबोरी मोठी असेल तर पदराचं टोक, लहान असेल तर सरळ स्वतःचं बोट. चिंबोरीनं कडकडून चावा घेतला की ही बाई खूश. "चावली बग. आता घे." तिच्या उजव्या हाताची बोटं तुम्ही पाहिली असती तर ही बाई विळीवर भाजीऐवजी बोटंच चिरते की काय, असं तुम्हाला वाटलं असतं. रक्त आलं तर पदराला पुसायची आणि पुढची चिंबोरी उचलायची. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या मावशी, विश्वास आहे," तर उलट तिलाच राग यायचा. "इस्वास देवावर ठेव. माल बगून घे."

पेणच्या स्टँडमागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. नवरा गेल्यावर ती मी चालवायला घेतली, तेव्हा मला मासळीतलं फारसं कळत नव्हतं आणि बाजारातल्या बायकांना ते लगेच कळलं होतं. मला शिळी कोलंबी विकून झाली, मऊ पडलेल्या बोंबलांची गादी विकून झाली. मग एके दिवशी ही दारात उभी राहिली, माझ्या हातातली पिशवी उघडून तिनं वास घेतला आणि पिशवी गटारात रिकामी केली. पैसे माझे गेले होते, म्हणून मी तिच्यावर ओरडले. ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. त्या दिवसापासून माझ्या खानावळीत चिंबोऱ्या, निवट्या हे चिखलातले मासे आणि तांदूळ तिच्याच घरून यायला लागला.

ती साधी वगैरे अजिबात नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही लगेच हात जोडाल. टोपलीत मोठा माल वर आणि बारका खाली, ही तिची रचना कायमची. कंडक्टरशी रोज भांडण, कारण टोपलीचं तिकीट काढायला ती तयार नसे. माझ्या रश्श्याला ती "हास्पिटलातला रस्सा" म्हणे आणि दोनदा वाढून घेई. रिफाइंड तेलानं माणूस बहिरा होतो, यावर तिची श्रद्धा होती. फ्रीजचं तर नाव काढायची सोय नव्हती. "फ्रीजातली मासली दोनदा मरते गो बाय. एकदा पान्याबाहेर, एकदा तुज्या पेटीत."

तिचं गाव खाडीकाठचं, खारेपाटातलं. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भरती आली की खाडीचं पाणी शेतांपेक्षा वर चढतं. मध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. त्या बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी आणि तिवरं. बांधाच्या चिखलात चिंबोऱ्या बिळं करतात. बीळ वेळेवर बुजवलं नाही तर पाणी तिथून वाट काढतं, मग बांधाला खांड पडते आणि आत शिरलेलं खारं पाणी पुढची कितीतरी वर्षं जमिनीतून जात नाही. म्हणजे चिंबोरीचा राग येणं अगदीच खोटं नव्हे. तोही मला मान्य आहे.

पण तिच्या लहानपणी या रागावर एक उपाय होता, त्याचं नाव काम. उधाणाच्या आधी प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा. बिळं शोधायची, चिंबोरी काढायची, चिखलाचा गोळा दाबून बसवायचा. चिंबोरी ज्याची त्यानं घरी न्यायची. बांध शाबूत आणि संध्याकाळी कालवण. पुढे नागोठण्याकडे कंपन्या आल्या, माणसं शिफ्टला जायला लागली. रात्रपाळी करून आलेला माणूस फावडं कशाला धरेल? बांधाला माणूस मिळेना. तिचा मुलगाही त्यातलाच. तिचं त्यावर म्हणणं एवढंच होतं, "कंपनीत जाव दे, प्वाट भरतंय. पन बांदाला सुट्टी नसते."

आणि एक रीत होती, ती तिच्या गावापुरतीच असावी, मी दुसरीकडे ऐकली नाही. आषाढातल्या अवसेचं उधाण मोठं. त्याच्या आदल्या संध्याकाळी घराघरातून शिजवलेला भात देवळापाशी यायचा, तिथल्या मोठ्या टोपात एकत्र व्हायचा, गुरव त्यावर पाणी फिरवायचा. मग बायका तो भात पळसाच्या पानावर घेऊन बांधावर जायच्या आणि बिळाबिळाच्या तोंडाशी मूठमूठ ठेवायच्या. "ह्यो खावा नि बांद सोडा," असं म्हणायचं. मी विचारलं होतं, खरंच सोडतात का? ती हसून म्हणाली, "कनाच्या सोडतान. खाऊन माजतान नि मंग मना सापरतान." सापरतान म्हणजे सापडतात. देवाचं देवाला आणि पाटीचं पाटीला, असा तिचा व्यवहार होता.

तिच्या घरचा तांदूळ लाल. खाऱ्या जमिनीत तग धरणारं जुनं बियाणं, पीक थोडं, पण भाकरी अशी की टोपलीत दुसऱ्या दिवशीही वाकायची, तुटायची नाही. माझ्याकडे जेवायला येणारे ड्रायव्हर आधी भाकरी संपवायचे आणि मग मासळीकडे वळायचे. ती भाकरी कशामुळे तशी होते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. माल चांगला येतो आहे तोवर कोण विचारतं?

मग गावात नवं बियाणं आलं. त्याच्यामागून खत आलं, आणि खतामागून औषध आलं. औषध म्हणतात त्याला. शेतात जे टाकल्यावर पाण्यातले बेडूक पांढरी पोटं वर करून तरंगतात त्याला आमच्याकडे औषध म्हणायची पद्धत आहे, आणि दुकानदारही काउंटरवर विचारतो, "कसलं औषध देऊ?" मला या शब्दाची चीड आहे, ती मी लपवत नाही. एका आवणीला, म्हणजे लावणीच्या वेळी, दाणेदार औषध टाकलं. त्या वर्षी चरीतल्या निवट्या कमी झाल्या. बेडूक गेले. बगळे नांगरामागून चालायचे ते शेतात दिसेनासे झाले. बगळे नाहीत म्हटल्यावर अळी वाढली. अळी वाढली म्हणून फवारणी आली. दोन वर्षांत तिच्याच मुलानं आणून दिलेल्या तांदळाची भाकरी तव्यावर चिरफळायला लागली आणि गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, "ताई, पीठ बदललंत का?"

मी तिला बोलले.  तिनं भाकरीचा तुकडा हातात मोडून पाहिला. मग म्हणाली, "बाय, अर्दा तुकडा मी जुना ठेवलाय. खानावलीला त्यातलाच आनीन." तशी ती आणायची. गावात बऱ्याच घरांनी असाच एक तुकडा घरच्यासाठी ठेवला होता, हेही तिनंच सांगितलं. फवारलेलं बाजाराला आणि न फवारलेलं आपल्या पोटाला. तिची लबाडी एवढीच की ती मलाही घरचं माणूस धरायची.

आता भाऊंबद्दल सांगायला हवं. तिच्या गावच्या गावकीचे ते मुख्य. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागतं. कधी कुणाला अरे-तुरे नाही. कधी कुणावर आवाज नाही. माझ्याकडे जेवायला आले की हात धुतल्यावर नळ नीट बंद करून जाणारे ते एकटेच. ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांच्या बांधाला खांड पडता पडता राहिली होती आणि भाऊंची झोप उडाली होती. गावकीत विषय निघाला. फावडी घेऊन जायला माणसं नाहीत. मग दुकानदारानं सांगितलेला उपाय निघाला. शिजवलेल्या भातात औषध कालवायचं, थोडा गूळ घालायचा आणि बिळांशी ठेवायचं. चिंबोऱ्या बिळातच मरतात, कुणाला कळतही नाही.

भात तर रीतीप्रमाणे शिजणारच होता. बायका तो बांधावर नेणारच होत्या. सगळं आयतंच होतं. पुरुषांनी ठरवलं आणि बायकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तांदूळ धुतलाही नसता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्या वर्षीच्या गटारीची सकाळ मला कालच्यासारखी आठवते. श्रावण लागायच्या आधीचा दिवस, पेणमध्ये जो तो मासळीच्या मागे. अवसेची चिंबोरी भरलेली असते, तिला त्या दिवशी सोन्याचा भाव. माझ्याकडे दुपारच्या जेवणाची नावं आधीच लागलेली, वाटण वाटून तयार. ती आली ती डोक्यावर टोपली शिगोशीग भरून, तोंडभर हसत.

"बाय, आज बिलात हात घालाय नाय लागला. बांदावर नुसत्या येचायच्या व्हत्या. मी नि माजी जाऊ, पोती भरली बग."

तिनं टोपली उतरवली. सवयीनं एक उचलली, सुतळी सोडली, बोट पुढे केलं. चिंबोरीनं नांगी हलवलीसुद्धा नाही. तिनं ती खाली ठेवली, दुसरी घेतली. तिचंही तेच. तिसऱ्या चिंबोरीच्या नांगीत तिनं बोट जवळजवळ कोंबलं. नांगी सुटलेल्या दोरीसारखी लोंबत होती. तिनं ती उलटी केली, नाकाशी नेली. तोंडापाशी भाताची शितं चिकटलेली होती.

मी म्हटलं, "काय झालं मावशी?"

ती माझ्या पायरीवर बसली. नखानं ती शितं खरवडून काढली. मग म्हणाली, "माज्या हातानं ठेवला गो. पानावर काढून ठेवला."

माझ्याच फोनवरून तिनं मुलाला फोन लावला. तो नुकताच रात्रपाळीहून आला होता. मी शेजारीच होते, सगळं ऐकू येत होतं.

"टोपात काय घातलात रं?"

पलीकडे खाट करकरली. मग, "आये, तू आज इकू नको. आमी तुमाला सांगनारच व्हतू."

"कवा?"

"आये, त्या बिलातच मरतान बोललं व्हतं. भायेर येतील ह्ये कुनाला म्हाईत? बांद ऱ्हायला पायजे ना आपला."

तिनं फोन माझ्या हातात दिला, बंद न करताच. तो पलीकडून "आये, आये" करत होता. ती उठली आणि मला म्हणाली, "फिनेल हाय काय तुज्याकडं?" मी बाटली आणून दिली. तिनं ती अख्खी आपल्या टोपलीवर ओतली, म्हणजे कुणी मागून उचलून नेऊ नये. मग ती तशीच बाजाराकडे निघाली. मी गॅस बंद करून तिच्यामागे धावले.

बाजारात तिच्या गावच्या बायका ओळीनं बसल्या होत्या, टोपल्या अर्ध्या झालेल्या. गिऱ्हाइकांची रेटारेटी. ती मधोमध उभी राहिली आणि ओरडली. तिचा आवाज तुम्ही ऐकला नाही. एरवी तो एसटीच्या हॉर्नशी स्पर्धा करायचा.

"आमच्या गावची चिंबोरी आज कोनी घेव नुका. घेतली ती टाका. भातात इख घातलाय. पोरांना खाव घालू नुका."

 मग पिशव्या परत यायला लागल्या, लोक पैसे परत मागायला लागले. तिची जाऊ उठून तिच्या अंगावर आली. "प्वाटावर पाय देतस आमच्या? घरात येऊन बोलली असतीस."  जावेच्या टोपलीतली एक चिंबोरी उचलून हिनं जावेच्याच हातावर ठेवली आणि म्हणाली, "चावतंय का बग." जावेनं ती खाली टाकली आणि रडायला लागली.

ज्यांनी सकाळी लवकर नेली होती, त्यांचं काय झालं ते कोण सांगणार? माझ्या ओळखीच्या एका घरात सगळ्यांना उलट्या झाल्या. दवाखान्यात सांगितलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. घरात, आपल्या चुलीवर रांधलेलं खाऊन त्यांना हे ऐकावं लागलं. मी त्या दुपारी सगळ्यांना अंडा करी वाढली आणि गटारीला अंडी खायला घातली म्हणून वर्षभर लोकांची बोलणी खाल्ली.

ती तिथून थेट गावाला गेली. पुढचं तिनंच मला सांगितलं. बांधाच्या पलीकडे, खाडीच्या कडेला अजून जे उरले होते ते बगळे पडले होते. अर्धवट मेलेल्या चिंबोऱ्या खायला उतरलेले. ढोकऱ्या, म्हणजे भुरे बगळेही, होत्या. तिवरांच्या कडेला एक कोल्हा पडला होता, त्याची जीभ चिखलात. तिनं उरलेला भात फावड्यानं गोळा करून खड्ड्यात पुरला, एकटीनं, कारण बाकी बायका घाबरून घरात बसल्या होत्या. मग बगळे पाटीत भरले. संध्याकाळी देवळापाशी गावकी बसली होती, तिनं बाजारात काय केलं त्याचीच चर्चा चालू होती. तिनं पाटी आणून त्यांच्यासमोर उपडी केली.

"ह्यांनी कुनाचा बांद फोडलान?"

भाऊ म्हणे हळू आवाजात म्हणाले, "वैनी, आदी बसा." ती बसली नाही.

गावकीचंही एक म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पेणच्या बाजारात त्या गावचं काहीच कुणी घेईना. चिंबोरी नाही, कोलंबी नाही, तांदूळ नाही, भेंडीसुद्धा नाही. बायका भरलेल्या टोपल्या परत न्यायच्या. ज्यांनी विष कालवलं ते कंपनीत शिफ्टला गेले, आणि ज्यांनी फक्त भात शिजवला त्यांची चूल बंद पडली. राग यायला हवा होता तो कालवणाऱ्यांचा. आला तो ओरडणारीचा. हे असंच होतं आपल्याकडे, नेहमी, आणि मला ते अजूनही गिळता येत नाही.

गावकीचा निर्णय झाला. तिनं देवळात नारळ ठेवून गावाची माफी मागायची, म्हणजे विषय संपला. ती म्हणाली, "मी मागीन. आदी बगल्यांची कोन मागतंय ते सांगा."  मग घर वाळीत पडलं.

वाळीत टाकलेलं घर तुम्ही पाहिलंय? बाहेरून काही दिसत नाही. दाराला कुलूप नसतं, कुणी दगड मारत नाही. दुकानदार तुमच्याकडे बघत नाही, एवढंच. तुम्ही साखर मागता आणि तो पंखा पुसत राहतो. जाऊ समोरून येते आणि पलीकडच्या बाजूनं जाते. हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. लावणीला माणूस मिळत नाही. तिच्यासारखी बाई, जिला कंडक्टरशी भांडल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे, तिच्याशी भांडायलाही कुणी उरलं नाही.

मी म्हटलं, याला कायदा आहे, आपण पोलिसात जाऊ, मी येते सोबत. माझी गाडी काढून मी तयार होते. तिनं माझा हात धरला. "नुको बाय. तू जाशील, लिवून येशील, नि रातच्याला जेवाय घालशील गिऱ्हाइकांना. माज्या पोराला त्याच गावात रावाचाय." मी तिच्यावर चिडले. इतकी चिडले की दोन शब्द नको ते बोलले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुजा रस्सा करपतोय, बग जा."

गावकीनं मुलाला सांगितलं होतं, ती घरात आहे तोवर घर वाळीत. मुलाला बायको, दोन लेकरं. त्यानं आईला जा म्हटलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. तिनंच एके दिवशी पिशवी भरली आणि रोह्याजवळ वरशाला मुलीकडे गेली. तिनं गाव सोडलं आणि त्याच आठवड्यात दुकानदारानं मुलाला साखर दिली.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या बांधाला खांड पडलीच. चिंबोऱ्यांनी नाही पाडली, त्या उरल्याच नव्हत्या. पाणी सोडायच्या उघाडीच्या फळ्या कुजल्या होत्या आणि त्या बदलायला कुणी गेलं नव्हतं. पाणी तिथून शिरलं. गावाचा खालचा पट्टा मिठानं पांढरा पडला, तिचा जुन्या बियाण्याचा तुकडाही त्यातच गेला.

मी तिला भेटायला पेणहून रोह्याच्या गाडीनं गेले. वरसे आता गाव राहिलेलं नाही, इमारतीला इमारत लागली आहे. मुलीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, गॅलरीत तुळस. ती खुर्चीत बसली होती आणि तिचे पाय प्रथमच कोरडे, भेगांसकट पांढरे दिसत होते. मी चिखलाशिवाय तिचे पाय कधी पाहिले नव्हते. मुलगी चांगली होती, जावईही चांगला होता, त्याबद्दल कुणी काही म्हणू शकणार नाही. ती जेवणाला नावं ठेवत होती, पण पूर्वीसारखी जोरात नाही. "ह्यो तांदूल गप शिजतो, गप संपतो," एवढंच म्हणाली.

दोन इमारतींच्या मध्ये एक शेत शिल्लक होतं, कुणाचं तरी, विकायचं राहिलेलं. आम्ही बोलत असताना एक माणूस पाठीवर पंप घेऊन त्यात उतरला आणि फवारायला लागला. ती उठली, कठड्याला टेकली आणि दुसऱ्या मजल्यावरून ओरडली, "ए दादा, तोंड तरी बांद रं. वाऱ्याच्या समोर उबा ऱ्हायलास." तो वर बघून हसला आणि त्यानं खरंच गमछा तोंडाला गुंडाळला. आतून मुलगी म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील." ती आत येऊन बसली. तिचा चेहरा जरा उजळला होता.

निघताना तिनं विचारलं, "बांदावर बगले येतान काय?" मी गेले नव्हते त्या बाजूला, आणि तसं सांगितलं. तिनं मान हलवली. मला वाटतं, मी खोटं बोलले असते तर तिला चाललं नसतं.

पुढच्या आषाढात ती गेली. झोपेतच, असं मुलगी म्हणाली. तिला गावच्या स्मशानात, खाडीच्या काठाला जायचं होतं. तेवढं तिनं बोलून ठेवलं होतं. मुलगा भाऊंकडे विचारायला गेला. भाऊ घराबाहेर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "माफी झाली नव्हती ना." तिला रोह्यातच अग्नी दिला. गावातून मुलगा आणि तिची जाऊ, दोघंच आले होते. जाऊ मागे उभी होती.

मला हे सगळं लिहिताना वाईट वाटत नाही, राग येतो. वाईट वाटणं मी तेव्हाच उरकून घेतलं. बाजारात तिच्या जागेवर आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. मी चिंबोऱ्या थर्मोकोलच्या पेटीतून मागवते, लांबून येतात, कुठल्या पाण्यातल्या ते मलाही माहीत नाही. नांग्या रबरानं घट्ट बांधलेल्या असतात. आणि लाल तांदूळ आता रोजच्या ताटात नाही. कधी कुणी विचारलं तर मी भाकरी दुसऱ्या पिठाची आहे असं सरळ सांगते.

यंदाच्या गटारीला भाऊ आले. सोबत पाहुणे होते, मुलीच्या सासरकडचे, आणि लहान मुलंही. कोपऱ्यातलं टेबल त्यांना दिलं. खानावळ भरलेली, बसायला जागा नाही. चिंबोरीचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा भाऊंनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले.

"ताई, आमच्या बाजूची नायत ना?"

मी म्हटलं, "का हो?"

"नाय, म्हटलं इचारावं. पोरं हायत सोबत."

मी सरळ उभी राहिले. मग म्हणाले, "भाऊ, हेच ती बाई बाजारात बोलली होती. हेच, पोरांना खायला घालू नका म्हणून."

भाऊंना राग आला नाही. त्यांनी मान हलवली, एखाद्या समजूतदार माणसासारखी, आणि आवाज आणखी खाली आणला.

"ती वरडून बोलली, ताई. असं हलूच इचारायचं असतंय."

मी ते ताट उचललं. त्यांच्या पाहुण्यांच्या हातातला पहिला घास तसाच राहिला. मग खानावळीच्या मधोमध उभं राहून, बाहेर रस्त्यावर रिक्षावाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मी सांगितलं की हे कुठल्या गावचे कोण आहेत, त्यांनी मला आत्ता कानात काय विचारलं, आणि त्यांच्या बांधावरच्या त्या भातात विष कुणाच्या गावकीनं कालवलं होतं.